ट्रकच्या रेडिएटरमध्ये नेमकं काय भरायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हाला कळेल. तुमच्याकडे दोन गाड्या आहेत. एक २०१० ची दहाचाकी, जुनी घेतलेली, वेट लायनरचं इंजिन (लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती बदलता येणारी नळी). ती लासलगावहून कांदा भरून मुंबईला उतरते आणि परतीला मिळेल तो माल घेऊन कसारा घाट चढते. दुसरी बीएस-६ बाराचाकी. ती कांदा घेऊन उत्तरेत जाते आणि हंगामात काश्मीरहून सफरचंद भरून येते. जुनी गाडी आठवड्याला लिटरभर पाणी पिते आणि ते तुम्ही घरच्या बोअरचं घालता. दुकानदाराने हिरवं कूलंट दिलंय आणि वर लायनरसाठी ॲडिटिव्हची बाटली घ्या म्हणतोय. मिस्त्री म्हणतो, आपल्याकडे बर्फ पडत नाही, साधं पाणीच बरं. तुम्ही विचारताय: हिरवं की लाल, आणि ॲडिटिव्ह दोन्ही गाड्यांत घालू का?

मी गेली २६ वर्षं डिझेल इंजिनं उघडतोय, बरीचशी साताऱ्याकडे, खंबाटकी चढताना उकळी मारून आलेल्या गाड्यांची. त्या अनुभवावरून सांगतो.

रंगाचं आधी उरकतो. कूलंटचा रंग हा वरून टाकलेला रंग आहे. गळती नजरेला पडावी आणि कुणी पाणी समजून पिऊ नये म्हणून तो घालतात. हिरवं म्हणजे अमुक रसायन आणि लाल म्हणजे तमुक, असा सर्वमान्य नियम कुठेही नाही. माझ्या रॅकवर आज दोन हिरवे डबे शेजारी उभे आहेत. एक जुन्या पद्धतीचं सिलिकेटवालं, दुसरं ऑरगॅनिक ॲसिडवालं. दोन्ही एकत्र ओतली तर रंग हिरवाच राहील, पण आतली दोन्ही रसायनं एकमेकांची ताकद कमी करतील. तेव्हा ‘हिरवं की लाल’ हा प्रश्न सोडून द्या आणि डबा उलटा करून मागचा बारीक मजकूर वाचा. तिथे काय शोधायचं ते पुढे सांगतो.

पण त्याआधी तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय: आठवड्याला लिटरभर पाणी. धडधाकट इंजिन पाणी पीत नाही. कूलिंग सिस्टीम बंद असते. महिना-महिना टाकीतली पातळी जागची हलत नाही, अशीच ती असायला हवी. एक लिटर जातंय, तर ते कुठून तरी जातंय. तो रस्ता सापडेपर्यंत कुठलंही महाग कूलंट भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं आहे.

हा हिशेब करून बघा. समजा सिस्टीममध्ये २४ लिटर माल मावतो आणि तुम्ही आज अर्धं कूलंट, अर्धं पाणी असं नीट भरलंत. पाईपच्या क्लॅम्पमधून आठवड्याला एक लिटर मिश्रण गळालं आणि तुम्ही तेवढंच साधं पाणी घातलंत, तर १२ आठवड्यांनी ५० टक्क्यांचं कूलंट ३० टक्क्यांवर येतं. गंजरोधक रसायनंही त्याच प्रमाणात उतरतात. माणूस मात्र समजत असतो की गाडीत कूलंट आहे.

इथे एक फरक लक्षात ठेवा. गळतीतून मिश्रण जातं, पण रेडिएटरची टोपी कमजोर असल्यामुळे वाफ जात असेल तर मुख्यतः पाणीच जातं आणि ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधलं मुख्य रसायन, मागे राहतं. दोन्हीत टाकीची पातळी सारखीच उतरते. नुसत्या नजरेने काही कळत नाही, मिश्रणातलं ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर लागतो. काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचा आणि रेघ वाचायची. हजार-दोन हजारांत मिळतो आणि दोन ट्रक असलेल्या मालकाने तो घ्यावाच, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्लायकॉल उतरलेलं दिसलं तर गळती शोधा. वॉटर पंपाच्या खालचं भोक, होज पाईपचे क्लॅम्प, हीटरच्या नळ्या, रेडिएटरचे सांधे इथे बघा. ग्लायकॉल जागच्या जागी असेल तर आधी टोपी बदलून बघा. आणि बाहेर कुठेच ओल नसेल, सकाळी थंड इंजिन सुरू केल्याबरोबर वरचा होज कडक होत असेल, टाकीत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटमधून (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलमधून) जळका गॅस पाण्यात शिरतोय. तो गॅस कूलंटला आम्लधर्मी करतो. मग कितीही ॲडिटिव्ह घातलं तरी ते काही दिवसांत खलास होतं.

आता लायनरकडे येऊ. तुमच्या जुन्या गाडीच्या बाबतीत खरा मुद्दा हाच आहे.

वेट लायनर म्हणजे ज्या लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं तो. दर पॉवर स्ट्रोकला पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर आदळतो आणि लायनर घंटेसारखा थरथरतो. ही थरथर डोळ्यांना दिसत नाही, पण लायनरची बाहेरची भिंत पाण्यापासून क्षणभर मागे सरकली की तिथला दाब पडतो आणि वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात. पुढच्या क्षणी भिंत परत येते आणि ते बुडबुडे तिच्यावरच फुटतात. प्रत्येक बुडबुडा सुईच्या टोकाएवढ्या जागेवर जोरदार ठोसा मारतो. सेकंदाला कित्येकदा, वर्षानुवर्षं. लोखंड खड्ड्या-खड्ड्यांनी पोखरलं जातं आणि एक दिवस आरपार भोक पडतं.

चार-पाच वर्षांपूर्वी एक टिपर माझ्याकडे आला होता. डिपस्टिक ओढली तर ऑइल चहासारखं दुधाळ. मालकाला वाटलं हेड गॅस्केट गेलं. हेड उतरवलं, गॅस्केट ठणठणीत. संप (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून वरून पाण्याचा दाब दिला, तेव्हा तीन नंबरच्या लायनरमधून पाण्याची बारीक धार आतल्या बाजूला आली. लायनर ओढून काढला. एका बाजूला वरून खाली अशी उभी पट्टी, मधमाशीच्या पोळ्यासारखी खाल्लेली, आणि बाकीचा लायनर जवळपास नवा. पिस्टनचे ओरखडे नाहीत, रिंगा चांगल्या. पण पाणी ऑइलमध्ये जाऊन मेन बेअरिंगं खरवडली होती आणि क्रँक ग्राइंडिंगला गेला. त्या गाडीत तीन वर्षं फक्त साधं पाणी होतं. मालक चांगला माणूस, ऑइल वेळेवर बदलणारा. पाण्यानेसुद्धा लायनरला भोक पडतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून तुमच्या मिस्त्रींशी मी आदराने असहमत आहे. कूलंट म्हणजे फक्त बर्फ होऊ नये म्हणून घालायची वस्तू, हा समज आपल्याकडे पक्का बसलाय, कारण डब्यावर ‘अँटीफ्रीझ’ लिहिलेलं असतं. लासलगावात ते काम निम्मंही नाही. तिथे कूलंटची खरी कामं म्हणजे गंज थांबवणं, उकळण्याचा बिंदू वर नेणं आणि लायनरला कवच देणं.

हे कवच कसं तयार होतं? जुन्या पद्धतीच्या हेवी ड्यूटी कूलंटमध्ये नायट्राइट असतं, काहींत जोडीला मॉलिब्डेट. नायट्राइट लोखंडावर ऑक्साइडचा पातळ, चिवट थर धरतं. बुडबुडा फुटला की थर तुटतो, आतलं लोखंड वाचतं आणि नायट्राइट तो थर पुन्हा भरून काढतं. भरून काढताना ते स्वतः खर्च होत जातं. ॲडिटिव्हची सगळी गोष्ट इथे आहे. दुकानात ज्याला लायनरचं ॲडिटिव्ह म्हणतात ते बहुतेक वेळा हे खर्च झालेलं नायट्राइट परत भरण्यासाठी असतं. जेवढं कमी झालं तेवढंच घालायचं असतं, आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजायला टेस्ट स्ट्रिप मिळते. थंड कूलंटमध्ये पट्टी बुडवा, सांगितलेले सेकंद थांबा, पट्ट्यांच्या डब्यावरच्या रंगांशी ताडून बघा. नायट्राइट, मॉलिब्डेट आणि ग्लायकॉल किंवा पीएच यांचे आकडे मिळतात. अमेरिकेच्या एएसटीएम डी ६२१० या मानकात भरायला तयार मिश्रणासाठी नायट्राइट किमान १२०० पीपीएम (दहा लाख भागांत १२०० भाग), किंवा नायट्राइट आणि मॉलिब्डेट मिळून किमान ७८० आणि त्यात प्रत्येकी किमान ३००, असं दिलंय. चालू गाडीत कुठल्या आकड्याखाली गेलं की भर घालायची, हे पट्टीच्या आणि इंजिनाच्या पुस्तकात असतं. तो आकडा इंजिनानुसार बदलतो, म्हणून मी सगळ्यांसाठी एकच आकडा सांगत नाही.

आता डब्याच्या मागे काय वाचायचं ते. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ लिहिलेलं असतं. ही मानकं चांगलीच आहेत, पण डी ३३०६ कार आणि हलक्या वाहनांसाठी आहे, आणि या तिन्हींपैकी कशावरूनही वेट लायनरच्या संरक्षणाची खात्री देता येत नाही. हेवी ड्यूटीसाठी दोन नंबर शोधा. डी ४९८५ लिहिलं असेल तर ते कमी सिलिकेटचं कूलंट आहे आणि भरतानाच त्यात लायनरचं ॲडिटिव्ह घालावं लागतं. डी ६२१० असेल तर ते ॲडिटिव्ह आधीच आत आहे, सुरुवातीला वरून काहीही घालायचं नाही. तुमच्या दुकानदाराच्या सल्ल्याचा निकाल इथे लागतो: हिरव्या डब्यावर ४९८५ असेल तर तो बरोबर आहे, ६२१० असेल तर बाटली परत करा, आणि फक्त ३३०६ असेल तर डबाच परत करा.

‘थोडं जास्त पडलं तर काय बिघडतं?’ असं कुणीतरी विचारणारच. बिघडतं. एक मालक दर सर्व्हिसला न चुकता एक बाटली ओतायचा, इंजिनावरच्या मायेने. गाडी घाटात तापायला लागली म्हणून रेडिएटर उतरवला, तर वरच्या टाकीत हिरवट जेली. जास्तीचं सिलिकेट पाण्यातून बाहेर पडून त्याचा चिकट गोळा होतो आणि नळ्या बुजतात. शिवाय जास्तीचे क्षार वॉटर पंपाच्या सीलवर साचून सील खातात आणि जुन्या पितळी रेडिएटरचे डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, सोडवतात. आणखी एक पाहा: काही इंजिनांना ऑइल फिल्टरसारखाच वॉटर फिल्टर असतो. त्यात रसायन भरलेला आणि कोरा असे दोन प्रकार येतात. रसायनवाला फिल्टर लावून वर बाटलीही ओतली तर डोस दुप्पट होतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

एवढं सगळं तुमच्या दहाचाकीबद्दल झालं. बाराचाकीचं गणित वेगळं आहे आणि तिथे माझं उत्तर ‘घालू नका’ असं आहे.

बीएस-६ गाड्यांमध्ये रेडिएटर, ऑइल कूलर, ईजीआर कूलर (इंजिनात परत फिरवलेला धूर थंड करणारा) यांत ब्रेझ केलेलं ॲल्युमिनियम आणि पातळ पत्र्याचे भाग भरपूर आलेत. ॲल्युमिनियमच्या संपर्कात नायट्राइट कालांतराने मोडून अमोनिया तयार होऊ शकतो, पीएच वर जातो आणि मग ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. म्हणून कंपन्या ऑरगॅनिक ॲसिडच्या, नायट्राइट नसलेल्या कूलंटकडे वळल्या. हे कूलंट धातूवर सगळीकडे जाड थर धरत नाही, जिथे गंज सुरू होतो तिथेच काम करतं, त्यामुळे सावकाश खर्च होतं आणि कैक वर्षं टिकतं. त्यात नायट्राइटची पट्टी बुडवली तर शून्य दाखवेल. ते शून्य बघून घाबरून बाटली ओतणारे लोक मी पाहिलेत. त्या कूलंटमध्ये नायट्राइट मुळात नसतंच! काही ऑरगॅनिक कूलंटमध्ये नायट्राइट असतं, तीही जात बाजारात आहे. म्हणून पुस्तकात काय लिहिलंय तेच धरायचं. अशा दीर्घ मुदतीच्या कूलंटला अर्ध्या आयुष्यावर एकदा त्याच कंपनीचं ‘एक्स्टेंडर’ घालायला सांगितलेलं असतं. ते लायनरचं साधं ॲडिटिव्ह नव्हे. दोन्ही बाटल्यांत गल्लत करू नका.

आणि वाटेत पातळी उतरली तर ढाब्याशेजारच्या दुकानातलं कुठलंही कूलंट ओतू नका. साधारण दहा टक्क्यांपर्यंत परकं कूलंट गेलं तर दीर्घ मुदतीचं कूलंट निभावून नेतं. त्याहून जास्त गेलं की त्याचं आयुष्य साध्या कूलंटएवढंच धरावं लागतं. म्हणून बाराचाकीच्या टूलबॉक्समध्ये त्याच जातीचं, पाणी मिसळून तयार केलेलं पाच लिटरचं कॅन कायम ठेवा. क्लीनरला कॅन दाखवून ठेवा आणि सांगून ठेवा. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेर एक थेंबही नको.

इंजिनात लायनर आहे की नाही यावर बरंच अवलंबून असतं. आपल्या रस्त्यांवरच्या अनेक ट्रकांत कमिन्सच्या बी मालिकेचं इंजिन आहे. त्यात वेगळा लायनर नसतो, बोअर ब्लॉकमध्येच कोरलेला असतो. दुसरीकडे सी मालिकेच्या ८.३ लिटर इंजिनात वेट लायनर आहे. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन इंजिनांचीही गरज सारखी नसते. पण लायनर नाही म्हणून साधं पाणी चालेल, असंही समजू नका. बोअरची भिंत पातळ असेल तर ब्लॉकच पोखरला जातो, आणि लायनर बदलता येतो तसा ब्लॉक बदलता येत नाही.

आता पाणी. माझं मन इथे सगळ्यात जास्त जळतं, कारण लोक हजारोंचं कूलंट आणतात आणि त्यात फुकटचं बोअरचं पाणी मिसळतात. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी बऱ्याच गावांत जड असतं. भांड्याच्या बुडाला पांढरी खपली धरते तीच खपली इंजिनात धरते, आणि तीही जिथे सगळ्यात तापतं तिथे: लायनरच्या वरच्या भागाला आणि हेडमध्ये व्हॉल्व्हच्या आसपास. दीड मिलिमीटरची खपली म्हणजे उष्णतेच्या वाटेत कास्ट आयर्नची कित्येक इंचांची भिंत उभी केल्यासारखं आहे. काट्यावर पाण्याचं तापमान नॉर्मल दिसतं आणि आत हेडला तडा जातो.

एएसटीएमच्या शिफारशीत कूलंटमध्ये मिसळायच्या पाण्याची मर्यादा अशी आहे: जडपणा १७० पीपीएम, क्लोराइड ४०, सल्फेट १००, एकूण विरघळलेले क्षार ३४०. समजा तुमच्या बोअरच्या पाण्यात ६०० पीपीएम क्षार असतील, तर आठवड्याला एक लिटर म्हणजे वर्षाला ३१ ग्रॅम क्षार तुम्ही आत ओतताय. त्यातला काही गळतीबरोबर बाहेर जातो, उरलेला आत बसतो. आणि वाफच जात असेल तर सगळा आत बसतो. टीडीएस, म्हणजे हे एकूण विरघळलेले क्षार, मोजायचं पेन स्वस्त मिळतं. ते क्लोराइड वेगळं दाखवत नाही, पण एकूण आकडा ३४० च्या वर असेल तर पुढचं बघायची गरजच नाही.

मग कुठलं पाणी घ्यायचं? डिमिनरलाइज्ड किंवा बॅटरीचं पाणी उत्तम. घरच्या आरओचं पिण्याचं पाणी चालतं. पण लक्षात ठेवा, आरओच्या वाया जाणाऱ्या नळीतलं पाणी नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. पुष्कळ जण ‘वाया जातंय ते गाडीत घालू’ म्हणून नेमकं तेच बादलीत धरतात. आणि हे शुद्ध पाणी कूलंटशिवाय एकटं भरू नका, त्यात गंज थांबवणारं काहीच नसतं. हा त्रास नको असेल तर पाणी मिसळून तयार असलेलं कूलंट घ्या. थोडं महाग पडतं, पण पाण्याचा प्रश्नच संपतो.

प्रमाणाबद्दल. आपल्याकडे एकास तीन प्रमाणाचे डबे खूप खपतात, म्हणजे २५ टक्के कूलंट. हेवी ड्यूटी कूलंटमधली रसायनं साधारण ४० ते ६० टक्के मिश्रणाचा हिशेब धरून घातलेली असतात. त्यामुळे २५ टक्क्यांवर बर्फाचाच नव्हे, गंजाचा बचावही अर्धा होतो. मी ५० टक्के भरतो. त्याहून दाट करण्यात शहाणपण नाही, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे आणि घट्ट मिश्रणात घाट चढताना इंजिन उलट जास्त तापतं. निव्वळ ग्लायकॉल तर उणे १३ अंशांनाच गोठतं, ५० टक्क्यांचं मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं. कंपनीने ३०-७० सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, त्यांचं कूलंट त्या हिशेबाने बनवलेलं असतं.

घाटात उकळी मारण्याचा संबंध कूलंटपेक्षा टोपीशी जास्त असतो, हेही सांगून ठेवतो. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, अर्धं-अर्धं मिश्रण १०८ च्या आसपास. एक बारची टोपी यात आणखी २० अंशांची भर घालते. म्हणजे सगळ्यात मोठं काम त्या छोट्याशा टोपीचं आहे. तिचं रबर कडक झालं, स्प्रिंग मेली, की तेवढे अंश गेले. शिवाय दाब असला की लायनरवर बुडबुडे कमी बनतात, म्हणजे टोपी लायनरही वाचवते. आणि गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून फेकला असेल, तर तो परत बसवा. इंजिन थंडं धावलं तर पिस्टन आणि लायनरमधली फट मोठी राहते, पिस्टन जोरात आदळतो, आणि आपण मघाशी बोललो तीच थरथर वाढते.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. जंगलात अडकलात आणि गॅरेज ४० किलोमीटर लांब असेल तर मी समजू शकतो. पण गॅरेजला पोहोचलात की त्याच दिवशी धुऊन काढा. ती हळद गळतीबरोबर चांगल्या नळ्याही बुजवते. सोल्युबल ऑइल घालायचीही पद्धत होती. त्याने होज फुगतात आणि धातूवर तेलाचा थर बसून उष्णता अडते. आजच्या कूलंटबरोबर ते अजिबात नको.

दहाचाकीत आता कूलंट भरताना एक चूक हमखास होते, ती टाळा. रेडिएटरचा कॉक उघडला की सगळं रिकामं झालं असं वाटतं, पण ब्लॉकमध्ये बरंच उरतं. ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन प्लगही उघडा. दोन-तीन वेळा स्वच्छ पाणी भरून, इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवून, थंड करून काढा. तरीही काही पाणी आत राहतंच. म्हणून तयार मिश्रण मापून ओतायचं नाही. एकूण २४ लिटर मावत असेल तर आधी १२ लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, मग उरलेली जागा चांगल्या पाण्याने भरा. सावकाश भरा, हीटर असेल तर त्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवा, म्हणजे हेडमध्ये हवा अडकत नाही. एक फेरी मारून आल्यावर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी बघा आणि रिफ्रॅक्टोमीटरने तपासा. गरम रेडिएटरची टोपी कधीही उघडू नका. भाजलेले हात आणि चेहरे मी पाहिलेत.

काढलेलं कूलंट उघड्यावर किंवा गटारात ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्री ते पितात. आमच्या भागात रिकाम्या बिसलेरीच्या बाटलीत उरलेलं कूलंट ठेवायची सवय आहे, ती कृपा करून मोडा. केबिनमध्ये तहानलेला माणूस बाटली बघून तोंडाला लावतो. चुकून पोटात गेलंच, तर माणूस ठीक दिसत असला तरी तसाच दवाखान्यात न्या. मूत्रपिंडावर परिणाम नंतर दिसतो.

शेवटी काश्मीर. सफरचंदाच्या फेऱ्या नोव्हेंबरपर्यंत लांबतात आणि जम्मू-श्रीनगर रस्ता बंद झाला की गाड्या दिवसेंदिवस उभ्या राहतात, इंजिनं बंद. २५ टक्के मिश्रण उणे १२ च्या आसपास गोठायला लागतं. श्रीनगरच्या थंडीत ते बहुधा निभावेल, पण ३,५२८ मीटरवरच्या झोजिला घाटापलीकडे द्रासकडे गाडी गेली तर नाही. आणि वाटेत पाणी घालून ते १०-१२ टक्क्यांवर आलं असेल तर खोऱ्यातली एक कडक रात्रही पुरते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. नशीब असेल तर ब्लॉकचे डमी प्लग (भोकं बुजवणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) बाहेर पडतात, नसेल तर ब्लॉक तडकतो. ऑक्टोबरच्या आधी बाराचाकीचं कूलंट रिफ्रॅक्टोमीटरवर तपासा आणि उणे ३० च्या खाली दाखवल्याशिवाय गाडी वर पाठवू नका.

भाऊ, तुम्ही एवढं करा: दहाचाकीचं रिफ्रॅक्टोमीटरवरचं प्रमाण, पट्टीवरचा नायट्राइटचा आकडा, टोपीवर कोरलेला दाब आणि बोअरच्या पाण्याचा टीडीएस, हे चार आकडे कळवा. बाराचाकीच्या पुस्तकातल्या कूलंटच्या पानाचा फोटोही पाठवा. मग कुठल्या गाडीत किती लिटर आणि काय, ते मी तुम्हाला नेमकं सांगू शकेन. तोवर ती बाटली उघडू नका.